घरचं कोण, हे फायरवॉलला कसं कळतं?

घरचा राऊटर बदलला. वायफायचं नाव तेच ठेवलं, पासवर्डही तोच. मोबाइल, टीव्ही सगळे आपोआप जोडले गेले. पण आतल्या खोलीतल्या कॉम्प्युटरवरचं शेअर केलेलं फोटोंचं फोल्डर लॅपटॉपवरून काही केल्या उघडेना.

कारण कळलं तेव्हा मी थक्क झालो. विंडोज नुसत्या नावावर विसंबत नाही. राऊटरला कारखान्यातच मिळालेला ४८ बिटांचा मॅक पत्ताही ते लक्षात ठेवतं. राऊटर नवा, म्हणजे त्याच्या लेखी गावच नवं. आणि नव्या गावात ते दारं लावून घेतं, नेटवर्कला ‘पब्लिक’ समजतं.

ही दारं म्हणजे पोर्ट. त्यांचे क्रमांक ६५,५३५ पर्यंत जातात, आणि फोल्डर शेअरिंगचा आहे ४४५. एरवी बंद पोर्टवर हाक मारली की ‘इथे कोणी नाही’ असा निरोप लगेच परत येतो. कॉम्प्युटरची पहारेकरी असलेली फायरवॉल मात्र त्या हाकेचं पॅकेट टाकून देते आणि गप्प बसते. हाक मारणारा पुन्हा हाक मारतो, दर खेपेला आधीपेक्षा जास्त वेळ थांबून. फोल्डरच्या खिडकीत ती हिरवी पट्टी रेंगाळत राहते ना, ती अनेकदा या मौनात उत्तराची वाट पाहत असते.

एवढी खबरदारी कशाला? २००४ मध्ये सॅसर नावाचा किडा याच ४४५ मधून शिरला होता. १२ मे २०१७ ला वॉनाक्रायही इथूनच पसरला आणि ब्रिटनमधल्या रुग्णालयांची कामं अडली.

मग घरच्यांना आत कसं घ्यायचं? नेटवर्क ‘प्रायव्हेट’ असलं आणि शेअरिंग सुरू असलं, की फायरवॉल ४४५ उघडते, पण फक्त शेजाऱ्यांसाठी. शेजारी ओळखायची तिची रीत फार सुंदर आहे. समजा, तिच्या कॉम्प्युटरचा आयपी पत्ता १९२.१६८.१.५ आणि येणाऱ्याचा १९२.१६८.१.९. हा पत्ता ३२ बिटांचा. घरच्या राऊटरवर सहसा त्यातले पहिले २४ बिट ताडून पाहायचे असतात. ते जुळले की आत या. एकही चुकला, तर दार बंद.

पण हे गणित एके ठिकाणी थिटं पडतं. मुंबई सेंट्रल स्टेशनवर २०१६ मध्ये मोफत वायफाय आलं. अशा जागी बाकावर शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाचेही ते २४ बिट जुळू शकतात! बिट जुळले म्हणजे घरचा, की नुसता जवळ बसलेला, हे यंत्राला ठरवता येत नाही. ते आपणच सांगायचं असतं. म्हणून वैतागून अख्खी फायरवॉल बंद करू नये, आणि राऊटरवर बाहेरच्या जगासाठी ४४५ तर कधीच उघडू नये.

मी आतल्या कॉम्प्युटरच्या सेटिंग्जमध्ये गेलो, जोडलेलं वायफाय उघडलं आणि ‘पब्लिक’च्या जागी ‘प्रायव्हेट’ निवडलं. बस्स. लॅपटॉप सगळीकडे फिरतो, म्हणून तो ‘पब्लिक’च ठेवला. तरी फोल्डर उघडलं, कारण आपण कोणाला हाक मारली याची नोंद फायरवॉल ठेवते आणि त्या हाकेचं उत्तर तेवढं आत येऊ देते. आजीच्या पंच्याहत्तरीचे फोटो त्याच वाटेने बाहेरच्या खोलीत आले, लॅपटॉपचं ४४५ बंद असताना.