दिवसभर पुरणारे इन्सुलिन

दुधात लिंबू पिळले की दूध फाटते. असे का होते? दुधातील केसीन या प्रथिनाच्या कणांवर सारखाच विद्युतभार असतो, म्हणून ते एकमेकांना दूर लोटतात. लिंबामुळे सामू 4.6 च्या आसपास आला, की हा भार नाहीसा होतो आणि कण एकत्र येऊन साका बनतो. प्रत्येक प्रथिनाचा असा एक ठरावीक सामू असतो. मधुमेहाच्या एका महत्त्वाच्या औषधाचे गुपित हेच आहे.

जानेवारी 1922 मध्ये टोरांटोत चौदा वर्षांच्या लेनर्ड थॉम्पसनला इन्सुलिन टोचले गेले आणि तो वाचला. मात्र त्याचा परिणाम काही तासांतच ओसरत असे. 1936 साली डेन्मार्कच्या हागेडॉर्न यांनी इन्सुलिनमध्ये माशांपासून मिळणारे प्रोटामीन मिसळले, तेव्हा ते सावकाश विरघळू लागले. पुढे यातूनच एनपीएच इन्सुलिन आले. त्याचा जोर साधारण चार ते आठ तासांनी सर्वाधिक होतो. रात्री दहाला टोचले तर हा जोर मध्यरात्रीनंतर येतो. रोगी झोपलेला, पोट रिकामे. अशा वेळी साखर फार उतरली तर जिवावरही बेतू शकते.

मग शास्त्रज्ञांनी इन्सुलिनच्या रेणूतच बदल केला. त्याच्या 51 अमिनो आम्लांपैकी एक बदलले आणि दोन आर्जिनिन जोडली. त्यामुळे ठरावीक सामू 5.4 वरून 6.7 च्या जवळ गेला. हेच ‘ग्लार्जिन’, ते 2000 साली वापरात आले. कुपीत सामू 4 असल्याने ते नितळ राहते. त्वचेखाली सामू सुमारे 7.4 असतो, तेथे त्याचा सूक्ष्म साका होतो आणि त्यातून इन्सुलिन दिवसभर थोडेथोडे रक्तात उतरते.

हे तपासायचे कसे? इन्सुलिन टोचून शिरेतून ग्लुकोज असे सोडतात, की रक्तातील साखर स्थिर राहावी. दर तासाला किती ग्लुकोज लागले, यावरून औषधाचा जोर कळतो. त्यानंतर रुग्णांवर अनेक महिने चाचण्या होतात आणि रात्री साखर किती वेळा उतरली, हेही मोजले जाते.

नाशिकच्या शेजारच्या औरंगाबादेत (आताचे छत्रपती संभाजीनगर) वोक्हार्ट कंपनीने मानवी इन्सुलिन बनवून 2003 साली बाजारात आणले; 2009 मध्ये तिचे ग्लार्जिनही आले.

इन्सुलिन घेणारा एखादा विद्यार्थी आपल्याही वर्गात असेल. त्याला दरदरून घाम सुटला, हात थरथरू लागले, तर शुद्धीवर असताना आधी साखर खायला द्यावी. कारणांची चर्चा नंतर.