मोबाइलवर शीर सापडत नाही

२०२० हे वर्ष जागतिक आरोग्य संघटनेनं आधीच परिचारिका आणि सुईणींचं वर्ष म्हणून जाहीर केलं होतं. फ्लोरेन्स नाइटिंगेल यांच्या जन्माला दोनशे वर्षं होत होती. सोहळे तसेच राहिले. मार्चअखेर टाळेबंदी लागली, नर्सिंगची वसतिगृहं रिकामी झाली आणि जीएनएम, बीएस्सी करणारी मुलं-मुली गावोगावी परतली.

हिंगोली जिल्ह्यातल्या कळमनुरी आणि वारंगा फाट्याच्या मधल्या आखाडा बाळापूरसारख्या गावात तेव्हा वर्ग म्हणजे मोबाइल. घरात फोन एक, त्यावर हक्क सांगणारे तिघं, आणि रेंजसाठी गच्ची. तरी थिअरी निभावली. ५०० मिली सलाइन ४ तासांत द्यायचं, सेट मिलीला २० थेंबांचा, तर मिनिटाला साधारण ४२ थेंब. हे गणित पडद्यावर उत्तम शिकवता येतं. पण जुलाबानं सुकलेल्या म्हातारीच्या हातावर, दुहेरी हातमोजे घालून, वाफाळलेल्या चष्म्यातून शीर शोधायची कशी? ते वॉर्डातच शिकायचं, आणि वॉर्ड तर बंद. प्रसूतीच्या केस बुकातली पानं कोरीच राहिली.

वॉर्ड ओस नव्हते, उलट भरत होते. मालेगाव-मुंबईच्या बंदोबस्तावरून परतलेले राज्य राखीव दलाचे जवान एप्रिल २०२० मध्ये पॉझिटिव्ह निघाले आणि हिंगोली हादरली. शिकाऊंना दूर ठेवण्यामागचं कारण खरं होतं: पीपीई किट कामावरच्यांनाच पुरत नव्हतं.

दुसऱ्या लाटेनं हा विचार उलटा केला. ३ मे २०२१ रोजी केंद्रानं जाहीर केलं की बीएस्सी आणि जीएनएम झालेल्या परिचारिकांना पूर्णवेळ कोविड ड्यूटी द्यावी, आणि अंतिम परीक्षेची वाट पाहणाऱ्या विद्यार्थ्यांनाही वरिष्ठांच्या देखरेखीखाली कामाला लावता येईल. शंभर दिवस भरले की सरकारी भरतीत प्राधान्य. त्याच महिन्यात, १६ मे रोजी, कळमनुरी तालुक्यातले खासदार राजीव सातव गेले. तेव्हा इथल्या माणसाला लाटेचं अंतर उरलं नाही.

वर्षापूर्वी ज्यांना दाराबाहेर ठेवलं, त्यांनाच आता हाकाटी पिटून बोलावलं. गरज होती, मान्य. पण देखरेख करणारी सिस्टर स्वतःच दोन वॉर्ड सांभाळत असेल, तर ती शिकवणार कधी? माझ्या मते ती ड्यूटी होती, पोस्टिंग नव्हतं. काही जणी त्यातून तरबेज झाल्या, तो त्यांचा वकूब.

याच मराठी मुलखात १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई फुले पुण्याजवळ रुग्णसेवा करतानाच गेल्या, आणि आपण त्यांचा फोटो लावून मोकळे होतो. सेवेचं कौतुक स्वस्त. शिकवणीला पैसा लागतो.

भारतीय परिचर्या परिषदेनं २०२१ मध्ये बीएस्सी नर्सिंगसाठी सत्रपद्धतीचा नवा अभ्यासक्रम आणला, त्यात डमीवरच्या सरावाला, म्हणजे सिम्युलेशनला, जागा आहे. चांगलंच झालं. मात्र पुन्हा साथ आली आणि गावी परतलेल्या मुलीचे तास बाळापूरच्या ग्रामीण रुग्णालयात धरायचे झाले, तर तिथल्या अधिपरिचारिकेला शिकवण्याचा अधिकार, केस बुकावर सही करण्याचा अधिकार आणि त्याचा भत्ता आतापासूनच द्यावा लागेल.