हवेची गन घ्यावी, पण आधी टाकी पाहावी

परतवाडा सोडून धारणीकडे निघालेला रस्ता घटांगचा घाट चढतो, सेमाडोहला सिपना नदीपाशी येतो आणि पुढे हरिसालमार्गे धारणी, तेथून मध्य प्रदेशात बऱ्हाणपूरकडे जातो. या रस्त्याचा मोठा भाग मेळघाट व्याघ्र प्रकल्पातून जातो. एस. टी., मालट्रक, प्रवाशांनी भरलेल्या जीपगाड्या आणि पर्यटकांच्या मोटारी यांची ये-जा असते. सेमाडोहहून परतवाडा साधारण पन्नास किलोमीटर, अमरावती त्याच्या दुप्पट. मध्ये चाक बसले तर जवळचा मिस्त्री हाच काय तो आधार.

पंक्चर, टायर आणि गॅरेजच्या धंद्यात आपल्या बांधवांची संख्या मोठी आहे हे वाचकांना सांगायला नको. वऱ्हाडातील कितीतरी कारागिरांनी घराच्या ओट्यावर, अंगणातल्या पत्र्याच्या छपराखाली काम सुरू करून त्यावरच घर चालवले आहे. अशा छोट्या मिस्त्रीच्या मनात आज ना उद्या एक विचार येतोच, की चाकाचे नट खोलणारी हवेची गन घ्यावी. अमरावतीच्या टायरच्या दुकानात 'टर्रर्र' आवाज करीत चार चाके पाच मिनिटांत उतरलेली त्याने पाहिलेली असतात. इकडे आपला शागीर्द पान्यावर उभा राहून घाम गाळतो आहे. विचार चूक नाही. पण गन आणून दोन महिन्यांत ती खुंटीला टांगून ठेवलेली दुकानेही आम्ही पाहिली आहेत. बहुतेक ठिकाणी दोष गनचा नव्हता. तिला पोटभर हवाच मिळत नव्हती.

हातात काय घेतो आहोत?

गनच्या आत हवेवर फिरणारी लहानशी मोटर असते. तिच्या पात्यांवर हवा आदळते व मोटर वेगाने फिरते. तिला जोडलेले एक किंवा दोन हातोडे पुढच्या दांड्यावर सेकंदाला कित्येक वेळा ठोके देतात. म्हणजे ही गन नट पिळत नाही, ठोकून फिरवते. म्हणूनच मिस्त्रीच्या मनगटाला फारसा झटका बसत नाही आणि गंजलेला नटही सुटतो. दोन हातोड्यांची रचना चाकाच्या कामाला चांगली, ठोका दोन्ही बाजूंनी सारखा बसतो व गन टिकते.

बाजारात मुख्यतः तीन मापे मिळतात. गोटी जिथे बसते त्या चौकोनी दांड्यावरून ती ओळखतात: अर्धा इंची, पाऊण इंची आणि एक इंची. मोटार, जीप, छोटा टेम्पो यांना अर्धा इंची पुरते. मोठ्या ट्रकला पाऊण किंवा एक इंची लागते. अर्धा इंची गन दोन-अडीच किलोची असते, एक इंची गन सात-आठ किलोपासून पुढे. दिवसभर ती उचलायची आहे हे लक्षात ठेवावे.

डब्यावर मोठ्या आकड्यात जोर छापलेला असतो, बहुधा फूट-पौंडात. त्याला सव्वासातने भागले की आपल्या ओळखीचे किलो-मीटर येतात, म्हणजे एक मीटर लांब दांड्याच्या टोकाला किती किलो वजन टांगले ते. ५०० फूट-पौंड म्हणजे सुमारे ६९. आता हिशेब पाहा. सत्तर किलोचा माणूस एक मीटर पाइप लावून पान्यावर उभा राहिला की तेवढाच जोर लागतो! मोटारीच्या चाकाच्या नटाला सर्वसाधारणपणे नऊ ते तेरा किलो-मीटरची गरज, तर मोठ्या ट्रकच्या नटाला साठाच्या आसपास. मोटारीच्या कामाला पाचशेची गन भरपूर झाली. हजाराच्या आकड्याला भुलून जास्त पैसे देण्याचे कारण नाही. शिवाय हा आकडा बहुतेक वेळा उलट फिरवतानाचा, क्षणभराचा आणि नळीच्या तोंडाशी पूर्ण ९० पौंड दाब असतानाचा असतो. तो दाब आपल्या ओट्यावर मिळतो का, हे डबा सांगत नाही.

टाकीचा हिशेब

गन किती हवा खाते ते सीएफएममध्ये, म्हणजे मिनिटाला किती घनफूट, असे लिहितात. अर्धा इंची गनच्या कागदावर चार-पाच सीएफएम दिसते आणि दुकानदार सांगतो, "उस्ताद, तुमच्या पंक्चरच्या कॉम्प्रेसरवर आरामात चालेल." तो खोटे बोलत नसतो, पण तो आकडा सरासरीचा आहे. मिनिटातली पंधरा सेकंदेच खटका दाबला असे धरून तो काढतात. खटका सतत दाबून धरला तर तीच गन सुमारे चौपट, वीसच्या घरात हवा खाते.

समजा, आपल्याकडे दोन हॉर्सपॉवरचा कॉम्प्रेसर आणि १६० लिटरची टाकी आहे. टाकी १० किलोवर भरली व दाब ६ किलोवर येईपर्यंत गन नीट चालली, तर वापरायला मिळाली चार पट १६०, म्हणजे ६४० लिटर मोकळी हवा. वीस सीएफएम म्हणजे मिनिटाला ५६६ लिटर. खटका एकूण ६८ सेकंद दाबता येईल. एका नटाला चार सेकंद धरली तर सोळा नट, म्हणजे चार नटांच्या मोटारीची चारही चाके एका भरलेल्या टाकीवर उतरली. पुन्हा टाकी भरायला तो कॉम्प्रेसर चार मिनिटे किंवा थोडी जास्त घेईल, तेवढ्यात टायर काढण्याचे काम चालते. घरच्या मिस्त्रीला हे बसते.

त्याच टाकीवर एक इंची गन लावा. ती चाळीस सीएफएम खाते, हवा ३४ सेकंदांत संपली. ट्रकचा गंजलेला नट दहा सेकंद घेतो. तीन नट सुटले आणि चौथ्याला गन नुसती फुरफुरते. ट्रकच्या एका चाकाला आठ-दहा नट असतात, बाकीच्यांसाठी गिऱ्हाईक उन्हात उभे! एक इंची गनला पाच हॉर्सपॉवरचा कॉम्प्रेसर ही सुरुवात समजावी, त्याला थ्री फेज वीज लागते, आणि मोठी टाकी तर हवीच. गनपेक्षा हा खर्च कितीतरी पटीने जास्त आहे.

जंगलातल्या गावी विजेचा दाब पडला तर सिंगल फेज मोटर भरल्या टाकीवर सुरू होताना गुरगुरते आणि तापते. म्हणून पुष्कळ रस्त्याकाठचे दुकानदार इंजिनवर चालणारा कॉम्प्रेसर ठेवतात. तो असेल तर सतत चालणाऱ्या गनपेक्षा थांबून थांबून चालणारे काम घ्यावे, नाहीतर मजुरी इंधनातच जाते. एक हॉर्सपॉवरचा लहान कॉम्प्रेसर फक्त टायरात हवा भरण्यापुरता. त्यावर गन घेऊच नये.

नळीकडे तर कोणी पाहतच नाही. पंक्चरच्या दुकानातली बारीक वेटोळ्याची नळी गनला लावली की टाकीवर ९० पौंड दिसतात आणि गनपाशी पोहोचतात पन्नास-साठ. अर्धा इंची गनला आतून किमान दहा मिलिमीटरची, एक इंची गनला सुमारे एकोणीस मिलिमीटरची नळी हवी, लांबी कामापुरती, आणि मधले जोड कमीत कमी. गनच्या मुळाशी एक छोटे घड्याळ लावून खटका दाबलेला असताना दाब पाहावा. तोच खरा दाब. अनेकदा नवी गन घेण्याऐवजी नळी बदलल्यावर जुनी गनच जोमाने चालू लागते.

गनने खोला, हाताने आवळा

आमच्या मते संपूर्ण विषयात महत्त्वाची बाब हीच आहे. गन खोलण्यासाठी घ्यावी. आवळताना नट हाताने दोन-चार आटे बसवावा, गनचा खटका हलका दाबून टेकवावा आणि शेवटचा ताण टॉर्क रेंचने द्यावा. हा ठरलेल्या ताणावर 'कट्' असा आवाज देणारा पाना. नट एकामागून एक गोल न घेता समोरासमोरचे आवळावेत.

आता मेळघाटातल्या रस्त्याचा विचार करा. मोटारीसोबत जो पाना मिळतो तो फार तर वीतभरापेक्षा थोडा लांब, पाव मीटर. साठ किलोचा माणूस त्यावर सर्व भार देऊन उभा राहिला तरी पंधरा किलो-मीटरच जोर लागतो. मिस्त्रीने गनने तीस-चाळीस किलो-मीटरपर्यंत आवळलेला नट त्याच्याने सुटणार कसा? सेमाडोह आणि हरिसालच्या मध्ये संध्याकाळी चाक बसले, स्टेपनी आहे, जॅक आहे, पण नट हलत नाही. बायका-मुले गाडीत, दोन्ही बाजूंना वाघाचे जंगल, आणि फोनला रेंज मिळेलच असे नाही. ही अडचण पंक्चरने आणलेली नाही. दुकानात पाच सेकंदे जास्त दाबलेल्या खटक्याने ती आणली.

जादा ताणाने आणखीही नुकसान होते. स्टड ताणला जातो, आटे खातात, ब्रेकची डिस्क वाकडी होते व घाट उतरताना ब्रेक थरथरतो. एक स्टड तुटला की उरलेल्यांवर भार वाढतो. कमी आवळलेले चाक तर वळणावर निघूनच जाऊ शकते. त्यामुळे पन्नास ते शंभर किलोमीटर धावल्यावर नट पुन्हा तपासायचा नियम पाळावा. सेमाडोहला चाक बसवलेल्या गिऱ्हाइकाला "परतवाड्याला पोहोचलात की एकदा ताण बघून घ्या" एवढे सांगायला पैसे पडत नाहीत, आणि असे सांगणाऱ्या मिस्त्रीकडे गिऱ्हाईक परत येते.

विलीज जातीच्या जुन्या जीप आणि काही जुने ट्रक यांच्या डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असतात. पान्याला हाताला लगेच कळते. गनला कळत नाही, ती नेहमीच्या दिशेने ठोकत राहते आणि स्टड मोडते. जुनी जीप आली तर स्टडच्या टोकावरची खूण पाहावी, नाहीतर पहिला नट हातानेच हलवून पाहावा.

गोटीसाठी काटकसर करू नये. चकचकीत क्रोमची हातपान्याची गोटी गनच्या ठोक्याने तडकते व तिचा तुकडा डोळ्यात जाऊ शकतो. गनसाठी काळ्या रंगाची, जाड भिंतीची, सहा कोनांची वेगळी गोटी मिळते. तीच घ्यावी. आपल्याकडच्या मोटारींना १९ व २१ मिलिमीटरच्या गोट्यांवर बहुतेक काम भागते. डोळ्याला चष्मा व कानात बोळे हवेतच. या गनचा आवाज रोज तासन्‌तास ऐकणारे उस्ताद पुढे ऐकायला कमी येते म्हणून तक्रार करतात, शागिर्दांच्या कानाचा विचार आजच केलेला बरा.

मेळघाटचा पावसाळा गनचा मोठा शत्रू. दमट हवा टाकीत दाबली गेली की पाणी सुटते, ते नळीतून गनमध्ये जाते आणि पाती गंजून चिकटतात. टाकीच्या तळाची तोटी रोज संध्याकाळी उघडावी, ओळीत पाणी धरणारी वाटी बसवावी, आणि काम सुरू करण्यापूर्वी गनच्या तोंडात हवेच्या हत्यारांचे पातळ तेल चार थेंब टाकावे. इंजिनचे जाड तेल चालत नाही, त्याने पाती जड होतात.

बॅटरीवरच्या गनचा पर्याय आता सर्वत्र आला आहे. त्याबद्दल जुने मिस्त्री नाक मुरडतात, पण सेमाडोहसारख्या गावी आम्हाला तो पुष्कळ सोयीचा वाटतो. हवेची गन दुकानातच राहते. गाडी मात्र घटांगच्या वळणावर बंद पडते. मोटारसायकलवर जॅक, बॅटरीची गन आणि टॉर्क रेंच टाकून तिथे जाता येते. ज्याच्याकडे लहान कॉम्प्रेसरच आहे आणि दिवसाला दोन-तीन मोटारी येतात, त्याने मोठा कॉम्प्रेसर घेण्यापूर्वी हा हिशेब करावा. दुकानात दोन हॉर्सपॉवरची टाकी आधीच असेल तर अर्धा इंची हवेची गन स्वस्त पडते व जास्त वर्षे टिकते, तिला बॅटरी बदलण्याचा खर्च नाही. ट्रकचे काम आठवड्याला एखादे असेल तर लांब दांडा, किंवा दात्यांच्या पेटीचा हाताने फिरवायचा नट-पाना पुरतो. तो जोर अनेक पटींनी वाढवतो आणि त्याला ना वीज लागते ना हवा.

कॉम्प्रेसर घेणाऱ्यांना देशी नावांची कमी नाही. पुण्याची किर्लोस्कर न्यूमॅटिक १९५८ पासून आणि कोइमतूरची एल्गी १९६० पासून या धंद्यात आहे. गन मात्र कोणत्याही छापाची असो, घेण्यापूर्वी दुकानदाराला एकच विचारावे: पाती आणि रबरी रिंगा सुट्या मिळतात का, आणि कुठे? पाती झिजतातच. ती अमरावतीत मिळत असतील तर गन वर्षानुवर्षे चालते, नाहीतर पहिल्या झिजेला अख्खी गन भंगारात जाते. शक्य असेल तर आपली गोटी आणि गंजलेला नट-बोल्ट सोबत न्यावा, दुकानातल्याच टाकीवर लावून खोलून पाहावा, आणि त्या वेळी त्यांची नळी किती जाड आहे तेही पाहून यावे.