नौका कोणाची, जबाबदारी कोणाची?

सेवानिवृत्तीनंतर कोचीत स्थायिक झालेल्या माझ्या एका जुन्या सहकाऱ्याने मध्यंतरी सल्ला विचारला. निवृत्तिवेतनाची थकबाकी आणि भविष्यनिर्वाह निधी यांतून हाती आलेल्या रकमेचा काही भाग घालून वेंबनाड सरोवरात फिरण्यासाठी एखादी छोटी मोटरनौका विकत घ्यावी, असे त्याच्या मनात होते. पत्नीचे म्हणणे असे, की हवी तेव्हा भाड्याने घ्यावी आणि विसरून जावे. प्रश्न घरगुती होता. पण त्याचे उत्तर शोधू लागलो तेव्हा तो हिशेबाच्या वहीत मावेना.

आधी हिशेब पाहू. नौका 20 लाख रुपयांची आहे असे समजा. पाश्चात्त्य देशांतील नौकाधारकांचा रूढ ठोकताळा असा, की देखभालीवर दरवर्षी नौकेच्या किमतीचा सुमारे दहावा हिस्सा जातो. म्हणजे 2 लाख. तीच रक्कम बँकेत सात टक्क्यांनी ठेवली असती तर 1 लाख 40 हजार व्याज आले असते. इंधन, नावाड्याचा पगार आणि घसारा न धरताही वर्षाचे 3 लाख 40 हजार झाले. वर्षातून 20 दिवस नौका पाण्यात उतरली तर दिवसाला 17 हजार रुपये पडतात. 50 दिवस उतरली तर 6,800. सगळा प्रश्न त्या दिवसांच्या आकड्यावर येऊन थांबतो, आणि उत्साहाच्या भरात माणूस नेमका तोच आकडा फुगवून धरतो.

आपल्याकडे तो आकडा निसर्गच आवळून धरतो. पश्चिम किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर हे महिने हौशी नौकानयनाच्या कामाचे नाहीत. मुंबई बंदरातल्या शिडाच्या नौका पावसाळ्यापूर्वी पाण्याबाहेर ओढल्या जातात. केरळला नैर्ऋत्य मोसमी पावसापाठोपाठ परतीचा पाऊसही गाठतो. उरलेल्या दिवसांतले आठवड्याचे शेवट, त्यांतून लग्नकार्ये, आजारपणे आणि नातवंडांच्या परीक्षा वजा केल्या की 20 हाही आकडा उदार वाटू लागतो. न वापरलेली नौका मात्र जागच्या जागी झिजत असते. खाऱ्या पाण्यात तळाला शेवाळ आणि शिंपल्यांचे थर चढतात, इंजिनाला गंज धरतो, तारा कुजतात. घर बंद ठेवले तर धूळ साचते. नौका तशी ठेवली तर ती बुडू शकते.

शिवाय ती ठेवायची कोठे? मोटार दारात उभी करता येते. नौकेला धक्का लागतो, राखण लागते आणि तळ घासण्यासाठी ती वर ओढून घेण्याची सोय लागते. कोचीच्या बोलगाट्टी बेटावर मरीना आहे. पण साडेसात हजार किलोमीटरहून अधिक किनारा सांगणाऱ्या देशात अशा जागा बोटांवर मोजता येतील एवढ्याच आहेत. कररचनेचा कलही स्पष्ट आहे. विहाराच्या आणि क्रीडेच्या नौकांवर पूर्वी 28 टक्के वस्तू व सेवा कर आणि 3 टक्के उपकर होता. 22 सप्टेंबर 2025 पासून त्या 40 टक्क्यांच्या गटात आहेत. श्रीमंतांच्या चैनीवर कर बसावा याला माझा विरोध नाही. एवढेच नोंदवतो, की नौका बाळगणाऱ्याकडून राज्यसंस्था भरपूर घेते आणि त्या बदल्यात धक्काही देत नाही.

येथवरचा कौल भाड्याच्या बाजूने आहे, आणि मित्रालाही मी तेच सांगितले. पण भाड्याने घेतल्याने देखभालीचा खर्च नाहीसा होत नाही. तो दुसऱ्याच्या माथी जातो. तो दुसरा कोण, तो हा खर्च खरोखर करतो का आणि केला की नाही हे कोण पाहतो, हे प्रश्न भाडेकरूच्या मनात सहसा येत नाहीत.

याचा सर्वांत जुना धडा श्रीनगरात आहे. डोग्रा राजवटीत संस्थानाबाहेरच्यांना काश्मीरमध्ये जमीन विकत घेता येत नसे. उन्हाळ्यात येणाऱ्या इंग्रजांनी तोडगा म्हणून पाण्यावर मुक्काम करायला सुरुवात केली. स्थानिक हांजी समाजाच्या डोंगा नावाच्या नौकांचेच एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सजवलेल्या हाउसबोटींत रूपांतर झाले. पाहुणे हंगामापुरते भाडे देत आणि परत जात. देवदाराचे लाकूड, गळणारा तळ आणि हिवाळ्यातला बर्फ यांची काळजी हांजी कुटुंबांकडे राहिली. पुढे दल सरोवराच्या प्रदूषणाचा प्रश्न न्यायालयात गेला आणि 2009 नंतर हाउसबोटींच्या दुरुस्तीवरही निर्बंध आले. सरोवर वाचवण्याचा हेतू योग्यच होता. पण लाकडी नौकेची दुरुस्ती थांबवणे म्हणजे तिला सावकाश बुडवणे, हे फायलीवर टिपण लिहिणाऱ्याला सुचले नसावे. 2021 मध्ये नव्या धोरणाने दुरुस्तीची वाट काहीशी मोकळी केली. नोव्हेंबर 2023 मध्ये दलवर लागलेल्या आगीत पाच हाउसबोटी जळाल्या आणि बांगलादेशातून आलेल्या तीन पर्यटकांचा मृत्यू झाला. एकमेकींना खेटून उभ्या असलेल्या जुन्या लाकडी नौकांमध्ये रात्र काढणाऱ्या पाहुण्याला खोलीचे भाडे ठाऊक असते. विजेच्या तारा कधी बदलल्या, हे ठाऊक नसते.

भाडेकरूच्या या अज्ञानाची किंमत देशाने वारंवार मोजली आहे. 30 सप्टेंबर 2009 रोजी तेक्कडीच्या जलाशयात राज्य पर्यटन महामंडळाची ‘जलकन्यका’ उलटली आणि 45 जण बुडाले. नौका जुनी नव्हती. सेवेत येऊन काही आठवडेच झाले होते. 7 मे 2023 रोजी मलप्पुरम जिल्ह्यातील तानूर येथे 22 जण गेले आणि त्यांत मुलांची संख्या मोठी होती. ती मुळात मासेमारीची नौका होती. तिच्यावर मजला चढवून ती विहारासाठी वापरात आणली गेली होती आणि त्या सायंकाळी तिच्यात क्षमतेपेक्षा अधिक माणसे होती. 18 जानेवारी 2024 रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीला आलेले 12 विद्यार्थी आणि 2 शिक्षिका बुडाल्या. तलाव महापालिकेचा, चालवायला दिलेला खासगी कंपनीला. या तीन घटनांत मालक तीन तऱ्हेचे होते, तेव्हा दोष केवळ खासगीकरणाचा किंवा केवळ सरकारी ढिलाईचा असे म्हणता येत नाही. समान धागा एवढाच, की तिकीट काढून बसलेल्यांपैकी कोणालाही नौकेची क्षमता, तिची तपासणी किंवा चालवणाऱ्याची पात्रता जाणून घेण्याचा मार्ग नव्हता. आपल्या नौकेचा तळ मालकाने स्वतः पाहिलेला असतो. भाडेकरूच्या वतीने तो कोणीतरी पाहायचा असतो, आणि ते कोणीतरी म्हणजे शासन.

कायदा नाही असे नाही. अंतर्देशीय जहाजांचा 1917 चा ब्रिटिशकालीन कायदा रद्द होऊन 2021 चा कायदा आला. एका राज्यातली नोंदणी देशभर ग्राह्य धरणे, नौकांची केंद्रीय माहितीसंच्यात नोंद, यांत्रिक नौकांना तपासणी आणि विमा ही त्याची मुख्य अंगे. वल्ह्यांच्या नौकांची नोंद स्थानिक संस्थांकडे सोपवली आहे. कागद चांगला आहे. अंमलबजावणी मात्र राज्यांकडे, आणि जिल्ह्याच्या पातळीवर नौका तपासू शकणारा तज्ज्ञ माणूस विरळा. सेवेत असताना अशा परवान्यांच्या फायली माझ्यापुढेही येत. खालून आलेल्या ‘सर्व काही ठीक’ या शेऱ्याखाली सही करताना नौका पाण्यात कशी तरंगते, हे जाऊन पाहिल्याचे मला एकदाही आठवत नाही. म्हणून इतरांवर टीका करताना हात जरा आखडतो.

मालकी आणि भाडे यांखेरीज तिसरी वाटही आहे, आणि ती मित्राच्या घरापासून दोन तासांच्या आतच आहे. कुट्टनाडच्या ज्या सर्पनौका नेहरू करंडकासाठी पुन्नमडा तळ्यावर उतरतात, त्या बहुतेक गावांच्या सामाईक मालकीच्या असतात. शंभर फुटांहून लांब नौका गावकरी वर्गणी काढून बांधून घेतात आणि वर्षभर शाकारलेल्या पडवीत जपतात. तिला तेल द्यायचे कोणी, याचीही परंपरा ठरलेली असते. वल्ही मारणारे मात्र पुष्कळदा दुसरेच असतात. पळ्ळातुरुत्ती बोट क्लबने 2019, 2022, 2023 आणि 2024 या वर्षी करंडक जिंकला, तो चार वेगवेगळ्या गावांच्या नौकांतून. मालकी एकाची, वापर दुसऱ्याचा. पण नौकेची नीट देखभाल झालेली असावी यात गावाची प्रतिष्ठा गुंतलेली, म्हणून ती होते. पुण्यात 1928 पासून मुळेच्या पात्रात रेगाटा भरवणाऱ्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या बोट क्लबचे तत्त्वही फारसे निराळे नाही: नौका संस्थेच्या, हात विद्यार्थ्यांचे.

मध्यमवर्गीयाला परवडेल असे नौकानयन हवे असेल तर नगरपालिकांनी तलाव एका ठेकेदाराला देण्याऐवजी अशा सभासद संस्थांना धक्का, पडवी आणि तपासनीस पुरवावेत. खर्च फार नाही. हरणीसारख्या घटनेनंतर द्याव्या लागणाऱ्या भरपाईशी तुलना केली, तर नाहीच.

मित्राने नौका घेतली नाही. पुढच्या खेपेस नौका भाड्याने घेताना त्याने नोंदणीचा आणि तपासणीचा कागद मागितला, आणि माणसांच्या संख्येइतकी लाइफ जॅकेटे मोजून घेतली. कागद कार्यालयात आहे, असे उत्तर आले. तो कार्यालयात गेला. तेथे तपासणीची मुदत चार महिन्यांपूर्वी संपल्याचे निघाले. त्या दिवशी दोघे पतिपत्नी सरोवराच्या काठावर बसून चहा पिऊन परत आले. दुसऱ्या एका कुटुंबाने, सहा माणसांनी, तीच नौका घेतली.