सदर अपत्य माझे नाही

तालुक्याच्या कोर्टाबाहेर टंकलेखन यंत्र मांडून मी बरीच वर्षे बसलो. कायद्याची पदवी माझ्याकडे नाही. जे कळले ते अर्ज टंकताना आणि पुढे निकालपत्रे वाचताना. एकदा एक बाई, पोटगीच्या अर्जावर नवऱ्याने दिलेल्या म्हणण्याची प्रत करून घ्यायला आली. सोबत सात-आठ वर्षांची मुलगी होती. कागदावर उमटणारी अक्षरे ती मोठ्याने लावून वाचू लागली : ‘सदर अपत्य माझे नाही.’ मग तिने मला विचारले, “अपत्य म्हणजे काय?” मी रिबन नीट करण्याचे निमित्त केले.

नवऱ्याने असे लिहून दिले म्हणून पितृत्व पुसले जात नाही. वैध विवाह टिकून असताना, किंवा तो संपल्यावर आईने दुसरे लग्न केलेले नसताना २८० दिवसांच्या आत जन्मलेले मूल त्या पतीचेच औरस मूल होय, असे १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याचे कलम ११२ सांगत असे. १ जुलै २०२४ पासून हाच नियम भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ११६ मध्ये आहे. कलमाने दिलेली पळवाट एकच : गर्भ राहू शकला असता त्या काळात पतिपत्नींचा संपर्कच नव्हता, हे सिद्ध करणे. संपर्क म्हणजे प्रत्यक्ष शरीरसंबंध नव्हे, तर त्याची संधी. त्यामुळे एका छपराखाली राहून ‘आम्ही बोलतही नव्हतो’ एवढे म्हणणे पुरत नाही.

हे कलम लिहिले गेले तेव्हा माणसाचे रक्तगटही ठाऊक नव्हते. डीएनएवरून ओळख पटवण्याची पद्धत अ‍ॅलेक जेफ्रीज यांना १९८४ मध्ये सापडली आणि जुने गृहीतक नव्या विज्ञानासमोर उभे राहिले. रक्ततपासणीचा आदेश सरसकट देता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये बजावले. २००१ मध्ये ते आणखी पुढे गेले : डीएनए अहवाल अचूक असला, तरी संपर्क होता एवढे दिसले की गृहीतक टिकते.

मग महाराष्ट्रातलीच दोन प्रकरणे आली. नागपूरच्या पोटगीच्या वादात आधी नागपूर आणि मग हैदराबाद अशा दोन तपासण्या झाल्या. दोन्हींत पती जैविक पिता नसल्याचे निघाले. २०१४ मध्ये न्यायालयाने विज्ञानाच्या बाजूने कौल दिला आणि मुलीची पोटगी थांबली. पुण्याच्या घटस्फोटाच्या दाव्यात मात्र, पत्नीचा व्यभिचार सिद्ध करण्यासाठी पतीने मागितलेली मुलाची तपासणी २०२३ मध्ये नाकारली गेली. व्यभिचाराला दुसरा पुरावा आणता येतो; त्यासाठी मुलाला साधन करू नये, असे न्यायालयाचे म्हणणे.

वरवर हे निकाल एकमेकांना छेद देतात. पण नागपुरात अहवाल आधीच दप्तरी दाखल होते. पुण्यात तपासणी करावी की नाही हाच प्रश्न होता. एकदा अहवाल हाती आला की तो न वाचल्यासारखे करणे न्यायालयालाही जड जाते. म्हणून मुलाची खरी राखण तपासणीच्या आदेशापूर्वीच करावी लागते, असे माझे मत झाले आहे.

या कलमाचे छत्र लग्नाबाहेर जन्मलेल्या मुलावर नाही. तिथे पितृत्व पुराव्यानेच शाबीत करावे लागते. मात्र ते शाबीत झाल्यावर पोटगीसाठी औरस-अनौरस असा भेद नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ दोघांनाही हक्क देते. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वीचा कायदा, रक्त कुणाचे याआधी, या मुलाची जबाबदारी कुणाची हे विचारतो. त्यात पतीवर अन्याय होऊ शकतो, हे मी नाकारत नाही. पण चूक व्हायचीच असेल, तर तिचा भार मोठ्या माणसाने उचलावा, असा त्या कलमाचा झोक आहे, आणि तो मला पटतो.

त्या मुलीच्या प्रकरणाचे पुढे काय झाले, मला कळले नाही. आज ती तिशी ओलांडलेली असेल. तेव्हा मला हे सारे ठाऊक असते, तर रिबनशी न खेळता सांगितले असते : अपत्य म्हणजे तू, बाळा, आणि नुसत्या या कागदाने तुझा बाप जात नाही.