‘मला झाला’ आणि ‘त्याने आणला’ : कोविडच्या अनुभवकथनांतील काही वाक्यरचना

आजाराची हकिकत सांगणारा मनुष्य एकाच वेळी दोन गोष्टी सांगत असतो. शरीराला काय झाले हे तो सांगतो. आणि जे झाले त्यात आपला हात कितपत होता हेही, बहुधा त्याच्या नकळत, त्याच्या वाक्यांतून उमटते. यांपैकी पहिली गोष्ट वैद्यकाच्या कक्षेतील होय. दुसरीचा विचार मात्र व्याकरणाच्या अभ्यासकाने करावयास हवा, कारण ती विभक्तिप्रत्ययांत, प्रयोगांत आणि साहाय्यक क्रियापदांत दडलेली असते. कोविड-१९ च्या साथीत मराठी भाषकांनी एकमेकांना सांगितलेल्या हकिकतींकडे या दृष्टीने पाहण्याचा प्रस्तुत लेखात विचार आहे.

महाराष्ट्रात या रोगाचे पहिले रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यात आढळले, आणि जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी जागतिक आणीबाणी संपल्याचे घोषित केले. या मधल्या काळात ज्याच्याजवळ सांगण्यासारखी हकिकत नाही असे घर शोधावे लागेल. पुढे दिलेली वाक्ये मोजदाद करून जमविलेली नाहीत. आपणां सर्वांच्या कानांवरून गेलेली अशीच ती आहेत. त्यांची वारंवारता किती हा प्रश्न येथे घेतलेला नाही. त्यांची घडण कशी आहे एवढेच पाहावयाचे आहे.

वैयक्तिक अनुभवाच्या मौखिक कथनाचे पहिले पद्धतशीर विश्लेषण विल्यम लबॉव आणि जोशुआ वॉलेत्स्की यांनी १९६७ साली केले, हे आपल्या विद्यार्थ्यांस परिचित आहे. जिवावर बेतलेला प्रसंग सांगावयास लावावे, म्हणजे बोलणारा आपल्या भाषेवरचा पहारा विसरतो, ही लबॉवची युक्तीही सुप्रसिद्ध आहे. तथापि तो आराखडा कोविडच्या हकिकतींना जसाच्या तसा लावू गेल्यास अडचण येते. मारामारी, अपघात यांसारख्या प्रसंगात घटना एका क्षणाभोवती गोळा झालेली असते. कोविडच्या हकिकतीला असा क्षण बहुधा नसतो. तिचा सांगाडा दिवसांचा असतो. ‘पहिल्या दिवशी नुसती कणकण होती. तिसऱ्या दिवशी ताप उतरला. वाटलं, सुटलो. सातव्या दिवशी धाप लागायला लागली.’ ही दिवसगणती सांगणाऱ्याच्या लहरीची नव्हे. या रोगात प्रकृती ढासळली तर ती लक्षणे सुरू झाल्यानंतर पुष्कळदा आठवड्याच्या सुमारास ढासळत असे, आणि डॉक्टरांचा पहिला प्रश्नही ‘आज कितवा दिवस?’ हाच असे. रोगाच्या गतीने कथनाला काळाची चौकट पुरविली आणि लोकांनी ती उचलली.

आता मुख्य मुद्दा. मराठीत दुखणे सांगताना दुखणाईत सहसा कर्ता होत नाही. ‘मला ताप आला’, ‘मला खोकला झाला’, ‘मला कोरोना झाला’ या वाक्यांत क्रियापद रोगाशी जुळते. मनुष्य ‘ला’ प्रत्यय घेऊन बाजूला उभा असतो. दक्षिण आशियातील बहुतेक भाषांत अनुभव घेणारा असाच चतुर्थीसदृश रूपात येतो, आणि या रचनेवर भाषाशास्त्रज्ञांनी विपुल लिहिले आहे. इंग्रजीत मनुष्य रोग ‘पकडतो’. मराठीत रोग मनुष्याकडे येतो, होतो, निघतो, लागतो. जुन्या साथींची भाषाही हीच होती. देवी येत, गोवर निघे, पटकी होई. देवीच्या बाबतीत रोगाचे नावच देवतेचे असल्याने ‘येणे’ या क्रियापदाला आगमनाचा अर्थही होता. २०२० मध्ये बिहार-झारखंडाकडे काही ठिकाणी स्त्रियांनी ‘कोरोना माई’ची पूजा केल्याच्या वार्ता आल्या, तेव्हा रोगाचे लिंगही आपोआप बदलले. मराठीत मात्र कोरोना सर्रास पुल्लिंगीच राहिला : तो आला, तो झाला, तो गेला.

या ‘मला झाला’मध्ये दोष कोणाचाच नसतो. परंतु साथीच्या रोगात एक प्रश्न टळत नाही : कोणाकडून झाला? आणि या प्रश्नाचे उत्तर देताना व्याकरण एकदम पालटते. दुसऱ्याविषयी बोलताना ऐकू येते, ‘त्याने ऑफिसातून आणला.’ येथे ‘ने’ आला, सकर्मक क्रियापद आले, आणि रोग म्हणजे पिशवीतून आणावयाची वस्तू झाला. स्वतःविषयी बोलताना तोच मनुष्य ‘मी आणला’ असे क्वचितच म्हणतो. तो म्हणतो, ‘माझ्यामुळे घरात सगळ्यांना झाला.’ ‘मुळे’ कारण दाखविते, पण कर्तृत्व देत नाही. ‘ने’ आणि ‘मुळे’ यांतील हे अंतर कोशात पाहिल्यास लहान वाटेल. ज्या घरातील वडील त्या आठवड्यात गेले त्या घरात ते अंतर फार मोठे असते. ‘माझ्यामुळे बाबांना झाला,’ असे मुलाने म्हणताच जवळ बसलेली आत्या किंवा मावशी ‘तुझ्यामुळे नाही रे, तो यायचाच होता,’ असे म्हणते, तेव्हा ती नुसते सांत्वन करीत नाही. ती वाक्याची दुरुस्ती करीत असते. ‘मुळे’ काढून टाकून ती रोगाला पुन्हा कर्तेपद देते.

या दुरुस्तीला वैद्यकाचाही आधार आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे. लक्षणे दिसू लागण्याच्या एकदोन दिवस आधीपासूनच बाधित मनुष्याकडून रोग पसरू शकतो. काहींना तर लक्षणे कधी दिसतच नाहीत. ज्याला आधी ताप आला त्यानेच घरात रोग आणला, हे अनुमान म्हणून पुष्कळदा टिकणारे नाही. कथनात मात्र आधी आलेले वाक्य नंतरच्या वाक्याचे कारण होऊन बसते. ‘तो लग्नाला जाऊन आला आणि चार दिवसांनी आईला ताप आला.’ येथील ‘आणि’ने कारणाचे सगळे काम केले आहे, आणि कोणीही त्याला पुरावा मागितलेला नाही. ‘आम्ही तर कुठे गेलोच नव्हतो’ हे जवळजवळ प्रत्येक हकिकतीच्या आरंभी येणारे वाक्यही याच अदृश्य आरोपाला दिलेले उत्तर होय.

एका रचनेत मात्र दुखणाईत पूर्ण कर्ता होतो, आणि ती अस्सल मराठी आहे : ‘अंगावर काढणे’. ‘त्यांनी चार दिवस अंगावर काढलं.’ एरवी या वाक्प्रचारात सोशिकपणाची छटा असते, थोडे कौतुकही असते. कोविडच्या हकिकतींत तोच शब्द मृताच्या माथी विलंबाचा ठपका ठेवतो. ज्याच्याविषयी तो बोलला जातो तो उत्तर देण्यास हयात नसतो. तपासणीच्या रांगा, खाट न मिळणे, मजुरी बुडण्याचे भय ही सारी कारणे या एका क्रियापदाच्या आड जातात. शब्दाच्या अर्थात असा पालट होताना आपल्याच पिढीने ऐकला आहे. तो नोंदला जावयास हवा.

‘मी पॉझिटिव्ह आलो’ या वाक्याची उत्पत्ती त्या मानाने सरळ आहे. आधी ‘रिपोर्ट पॉझिटिव्ह आला’. मग रिपोर्टाच्या जागी मनुष्य आला. ‘वर्गात पहिला आलो’ ही निकालाची रचना मराठीत पूर्वीपासूनच होती, तिच्या साच्यात हे वाक्य सहज बसले. ‘निघालो’ म्हटले की आत दडलेले बाहेर आले अशी छटा येते. शासकीय परिपत्रकांतील ‘विलगीकरण’ आणि ‘अलगीकरण’ यांतील भेद लोकांनी पाळला नाही. दोहोंसाठी ‘क्वारंटाईन’ रूढ झाला आणि त्याची ‘क्वारंटाईन झालो’, ‘क्वारंटाईन केलं’ अशी अकर्मक-सकर्मक जोडीही लगेच तयार झाली. यावर अधिक लिहिण्याची आवश्यकता नाही.

वास आणि चव यांचे प्रकरण अधिक खोल आहे. ‘तोंडाला चव नाही’ हे वाक्य मराठीत कोणत्याही तापात म्हटले जाते. त्याचा अर्थ ‘जेवावेसे वाटत नाही’ एवढाच उरलेला होता. वाक्प्रचार झिजून गुळगुळीत झालेला होता. कोविडमध्ये तो अक्षरशः खरा ठरला, आणि तेव्हा बोलणाऱ्यांची पंचाईत झाली. ‘चव नाही म्हणजे तशी चव नाही नव्हे. खरंच काही कळत नव्हतं. मिरची खाल्ली तरी नुसतं झोंबलं.’ अशा दुरुस्त्या हकिकतींत वारंवार भेटतात. झिजलेल्या शब्दाला मूळ अर्थ परत देण्यासाठी बोलणाऱ्याला ‘म्हणजे’, ‘खरंच’, ‘अगदी’ यांचे टेकू लावावे लागले आणि शेवटी स्वयंपाकघरातील पुरावा आणावा लागला. हिंगाची फोडणी करपली तरी कळले नाही, नासलेले दूध तापवून प्यायलो, उदबत्ती नाकाशी धरून पाहिली, असे ते पुरावे असतात. प्रस्तुत लेखकानेही २०२१ च्या एप्रिलात कांदा चिरून, डोळ्यांत पाणी येत असताना, कांद्याचा वास मुळीच नाही हा विलक्षण अनुभव घेतला आहे. त्या वेळी घरच्यांना तो सांगताना नेमके हेच टेकू तोंडी आले. झोंबण्याची संवेदना वेगळ्या मज्जातंतूंतून जाते म्हणून ती शाबूत राहते, हे स्पष्टीकरण पुढे वाचनात आले.

‘वास’ या शब्दाने आणखी एक घोटाळा केला. मराठीत ‘वास येणे’ हे जाणवणेही आहे आणि दुर्गंध सुटणेही. ‘मला वास येत नाही’ आणि ‘भाजीला वास येतोय’ या दोहोंत क्रियापद एकच. बरे होताना ज्यांना कॉफी, कांदा, लसूण यांचा विपरीत वास येऊ लागला त्यांना ‘वास आला पण तो वास नव्हे’ अशा कोड्यासारख्या वाक्यांवर भागवावे लागले. भारताच्या आरोग्य मंत्रालयाने वास किंवा चव जाणे हे लक्षण म्हणून आपल्या यादीत १३ जून २०२० रोजी घातले. तोपर्यंत ज्यांनी ‘वास गेलाय’ अशी तक्रार केली त्यांचे बोलणे सर्दी म्हणून सोडून दिले जाण्याचा संभव होता. रुग्णाच्या वाक्याला पुरावा मानावे की नाही हा प्रश्न केवळ शास्त्रीय कुतूहलाचा नाही, हे यावरून दिसून येईल.

उलट दिशेचे उदाहरण ऑक्सिजनचे. बोटाला लावावयाचे यंत्र घरोघरी आले आणि ‘ऑक्सिजन’ हा शब्द वायूऐवजी आकड्याचा वाचक झाला : ‘सकाळी ऑक्सिजन ९६ होता, रात्री ८८ झाला.’ छातीच्या सीटी-स्कॅनवरून पंचविसांपैकी दिल्या जाणाऱ्या गुणांनाही ‘स्कोअर’ म्हणत, आणि जास्त गुण मिळणे वाईट अशी ही एकच परीक्षा होती. पुष्कळ रुग्णांत रक्तातील प्राणवायू घटूनही धाप लागल्याचे जाणवत नसे. म्हणून या हकिकतींत ‘मला तर काहीच होत नव्हतं, पण…’ असा एक ठरावीक ‘पण’ येतो. त्याच्या अलीकडे स्वतःची जाणीव, पलीकडे यंत्राचा आकडा. आणि बोलणारा निवाडा आकड्याच्या बाजूने देतो. ‘मला’ने सुरू होणाऱ्या वाक्यावर बोलणाऱ्याचाच अधिकार असतो असे आपण मानतो. येथे तो अधिकार त्याने स्वतःहून सोडलेला दिसतो.

रुग्णालयात दाखल झालेल्या आप्तांच्या हकिकतींत तर सांगणाऱ्याजवळ डोळ्यांनी पाहिलेले काही नसते. ‘फोन आला’, ‘ऑक्सिजन लावलाय म्हणाले’, ‘रात्री जेवले म्हणे’. एरवी ‘म्हणे’ हे ऐकीव आणि किंचित अविश्वासाचे अव्यय. येथे अविश्वासाचा लेशही नसतो. एवढेच हाती आले होते, इतकाच त्याचा अर्थ. आपल्याच आईच्या शेवटच्या दिवसांविषयी ‘म्हणे’ वापरावे लागणे ही गोष्ट ऐकणाऱ्याने लक्षपूर्वक ऐकली पाहिजे.

हकिकत संपविण्याची रूढ रचना ‘होऊन गेला’ ही. ‘आम्हाला दोनदा होऊन गेला,’ असे म्हणताना ‘जाणे’ हे क्रियापद घटनेवर पडदा टाकते. परंतु ज्यांचा थकवा, धाप, विसराळूपणा महिनोन्महिने टिकला त्यांना हा पडदा टाकता येत नाही. इंग्रजीतील ‘लाँग कोविड’ हे नाव वैद्यांनी दिलेले नव्हे. मे २०२० मध्ये इटलीतील एलिसा पेरेगो या रुग्ण-संशोधिकेने ते प्रथम वापरले, इतर रुग्णांनी उचलले आणि वैद्यकाला ते मागाहून स्वीकारावे लागले. त्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२१ मध्ये या अवस्थेची व्याख्या केली. मराठीत वृत्तपत्रांनी ते नाव घेतले, पण बोलण्यात आजही ‘तेव्हापासून अशक्तपणा आहे’ हेच वाक्य चालते. अशक्तपणा कोणाला नसतो? त्या शब्दात घातलेली तक्रार घरीही ऐकली जात नाही आणि दवाखान्यातही तिची नोंद होईलच असे नाही. ‘तेव्हापासून’ या क्रियाविशेषणावरच अशा माणसाची सारी भिस्त असते.

जे विद्यार्थी अशी कथने ध्वनिमुद्रित करू इच्छितात त्यांनी काही पथ्ये पाळावीत. ‘कोरोना कसा झाला?’ हा प्रश्न विचारू नये. तो कारण मागतो, आणि कारण मागितले की ‘ने’ आणि ‘मुळे’ यांची ओढाताण सुरू होते. ‘तेव्हा काय काय झालं ते सांगा’ एवढे म्हणून थांबावे. घरातील दोघांची कथने वेगवेगळी घ्यावीत, आणि एकाचे दुसऱ्याला ऐकवू नयेत. लिहून काढताना ‘म्हणजे’, ‘खरंच’, ‘म्हणे’ हे शब्द फापटपसारा समजून गाळू नयेत. आकडे सांगणाऱ्याने सांगितले तसेच ठेवावेत. ‘ब्याण्णव-त्र्याण्णव’ असे कोणी म्हणाले तर त्याचे ९२ करू नये. आणि जेथे सांगणारा एखादे वाक्य अर्धवट टाकून दुसऱ्या प्रत्ययाने पुन्हा सुरू करतो, ‘मीच त्यांना… म्हणजे माझ्यामुळे…’ असे, तेथे दोन्ही तुकडे लिहावेत.