बोटांची जुनी सवय

जावा या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत वर्षानुवर्षं काम केलेला माणूस पायथॉन ही दुसरी भाषा लिहायला बसला, की बोटं जुन्याच वळणानं चालतात. जावात नाव ठेवताना ‘टोटल’ आणि ‘मार्क्स’ हे शब्द जोडून लिहायचे, दुसऱ्याचं पहिलं अक्षर तेवढं कॅपिटल. पायथॉनच्या रिवाजात सगळी अक्षरं लहान आणि शब्दांमध्ये अंडरस्कोर. आपल्या डोळ्यांना दोन्ही नावं एकच वाटतात, संगणकाला मात्र ती वेगळी. पूर्वी त्याचं उत्तर एवढंच असायचं: या नावाची व्याख्या केलेली नाही. मग नाव समोर दिसत असूनही माणूस फाइल वरखाली चाळत बसायचा.

ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या पायथॉन ३.१० नं त्या वाक्यापुढे एक प्रश्न जोडला: तुम्हाला अमुक म्हणायचं होतं का?

यामागचं गणित जुनं आहे. एका शब्दाचा दुसरा करायला किती अक्षरं घालावी, गाळावी किंवा बदलावी लागतात, हे मोजण्याची रीत सोव्हिएत गणिती व्लादिमीर लेवेन्श्टाइन यांनी १९६५ मध्ये मांडली. पायथॉन अशा प्रत्येक बदलाला २ गुण लावतो; पण फरक नुसता लहान-कॅपिटलचा असेल, तर १. म्हणजे वरच्या चुकीत अंडरस्कोरचे २ आणि कॅपिटलचा १, एकूण ३. मला ही अर्धी आकारणी फार मोलाची वाटते. नाव माहीत नसणं वेगळं आणि दुसऱ्या भाषेच्या सवयीनं लिहिणं वेगळं, हा भेद तिच्यात आहे. अंतर फार पडलं, किंवा शोधायची नावंच ७५० च्या वर गेली, तर पायथॉन काहीही सुचवत नाही.

सुचवतो, पण स्वतः दुरुस्त करत नाही, हेही योग्यच. वॉरन टाइटलमन यांनी लिस्प या भाषेसाठी केलेली ‘डू व्हॉट आय मीन’ ही सोय काही वेळा चूक परस्पर सुधारून पुढे जात असे. पण एकाच प्रोग्रॅममध्ये ‘मार्क’ही असतो आणि ‘मार्क्स’ही, अंदाज चुकला तर गुणपत्रिका चुकते.

रस्ट या भाषेचा कंपायलर आणखी पुढे जातो. नाव ठेवतानाच रिवाज मोडला, तर तो इशारा देतो आणि रिवाजाप्रमाणे ते कसं लिहायचं हेही दाखवतो. कुणी ‘मॅक्स_विड्थ’ऐवजी ‘विड्थ_मॅक्स’ लिहिलं, तर अक्षरांच्या हिशेबात ती दोन नावं खूप लांब पडतात. तेव्हा तो अंडरस्कोरपाशी नाव तोडतो, तुकडे वर्णक्रमानं लावतो, दोन्हीकडे तेच शब्द आहेत हे पाहतो आणि बरोबर नाव पुढे ठेवतो.